जुन्या कागद गिरणीची विटांची चिमणी: पाडायची की सांभाळायची? काम नेमकं कसं करायचं?

वैनगंगाकाठ

राम राम मंडळी. आमच्या गावाला लागून कागद-पुठ्ठ्याची जुनी, बंद गिरणी आहे. यंत्रं भंगारात गेली, शेडचे पत्रे गेले. उरली आहे ती गोल विटांची चिमणी. उंची अंदाजे ३० मीटर, पायथ्याशी बाहेरचा व्यास ३ मीटर, तोंडाशी १.८ मीटर. जोडकाम चुन्यातलं, बाहेरून लोखंडी पट्टे.

सध्याची हालत अशी: तोंडाशी पिंपळ वाढलाय. पश्चिमेकडे मधल्या उंचीवर दोन-तीन पट्ट्यांच्या दरम्यान एक उभी भेग आहे. माथा ईशान्येला कललेला दिसतो. विजेसाठीची तांब्याची पट्टी चोरीला गेली. शाळेची वाट चिमणीपासून १२-१३ मीटरवरून जाते.

ग्रामसभेपुढे दोन गोष्टी आहेत. एक, पाडून टाकणे. दोन, एका ठेकेदाराचा प्रस्ताव, की सिमेंटनं दर्जा (विटांमधले सांधे) भरायच्या आणि बाहेरून पूर्ण प्लास्टर करायचं. निर्णयाआधी जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

बॉयलर_पहिलावर्ग

भाऊ, आधी ही चिमणी काय काम करत होती ते पाहू, म्हणजे ती आता काहून खराब होते आहे ते कळेल.

कागदाला वाफ दोन ठिकाणी लागते: बांबू किंवा तणीस शिजवायच्या डायजेस्टरला आणि ओला कागद सुकवणाऱ्या सिलिंडरांना. त्या काळच्या गिरण्यांत बहुधा लँकेशायर बॉयलर असायचा. त्यात आतल्या दोन नळ्यांत कोळसा जळतो, धूर मागे जातो, बॉयलरच्या पोटाखालून पुढे येतो, दोन्ही अंगांनी पुन्हा मागे जातो, मग डँपरमधून (धुराची ओढ कमी-जास्त करायची झडप) जमिनीखालच्या मोरीत आणि तिथून चिमणीत. एवढा फेरा पंख्याशिवाय ओढायचा, तर ओढ चिमणीनंच द्यायची. ३० मीटर उंची आणि २५० अंशांचा धूर धरला, तर बाहेर १० अंश असताना ओढ साधारण १७ मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी मिळते. मे महिन्यात ४६ अंशांत तीच १३ वर येते. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात डँपर जास्त उघडावा लागायचा.

आता मुद्दा. धूर चालू असतो तोवर चिमणी आतून गरम आणि कोरडी राहते. कोळशातल्या गंधकाचा अंश धुरात असतो. आतला पृष्ठभाग साधारण १२०-१५० अंशांच्या खाली गेला की त्याचं आम्ल होऊन विटांवर बसतं. चालू गिरणीत हे मुख्यतः माथ्याजवळ घडतं, कारण तिथवर धूर थंड झालेला असतो. गिरणी बंद पडली की गोष्ट उलटते. वरून पाऊस आत पडतो, भिंतीवरची काजळी भिजते, तिच्यातलं आम्ल विरघळून खाली उतरतं आणि चुन्याचा सांधा खात जातं. मोरीत साठलेली काजळी-राख तर वर्षभर ओलीच असते. सगळ्यात पहिलं काम म्हणजे वरचं तोंड पावसापासून झाकणं आणि खालची काजळी काढणं. बाकी सारं त्यानंतर.

मोरीत उतरताना काळजी घ्या. डँपरची जागा, काजळीचं दार, जे काही उघडेल ते आदल्या दिवशी उघडून वारा खेळू द्या. ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावल्याशिवाय कोणी आत जाऊ नये. बाहेर दोर धरून माणूस उभा पाहिजे. साप हमखास असतो. आणि काजळी जाळून चिमणी "साफ" करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. थंड भिंतीला आतून एकदम आग लागली की आतलं अस्तर फुगतं, बाहेरची वीट फुगत नाही आणि उभ्या भेगा पडतात.

मोजपट्टी

वरचं पटलं. मी फक्त मोजणीवर लिहितो, कारण "कललेली दिसते" यावरून कोणताच निर्णय घेता येत नाही.

कल थिओडोलाइटनं किंवा टोटल स्टेशननं (कोन मोजायची सर्वेक्षणाची यंत्रं) मोजायचा, काटकोनात असलेल्या दोन जागांवरून. प्रत्येक जागा चिमणीपासून निदान ४५ मीटर दूर. दर तीन मीटरवर डावी आणि उजवी कड वाचायची आणि मध्य काढायचा. नुसतं तोंड आणि पायथा घेऊ नका. पूर्ण चिमणी सरळ रेषेत कलली असेल तर दुखणं पायात आहे. खालचा भाग ओळंब्यात आणि वरचा वाकलेला असेल तर दुखणं सांध्यांत आहे. औषध पूर्ण वेगळं.

वाचन पहाटे, ऊन पडण्याआधी. दुपारी एक बाजू तापून लांबते आणि माथा सावलीकडे सरकतो.

भेगेसाठी काचेची पट्टी चिकटवणं ही जुनी रीत आहे. काच तडकली की हालचाल झाली एवढं कळतं, किती झाली ते कळत नाही. त्यापेक्षा भेगेच्या एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, असे तीन पितळी स्क्रू त्रिकोणात बसवा आणि व्हर्नियर कॅलिपरनं अंतरं घ्या. तारीख, वेळ आणि तापमान वहीत. एक उन्हाळा आणि एक पावसाळा वाचन झालं पाहिजे. श्वासासारखी उघडझाप होणारी भेग वेगळी, एकाच दिशेनं वाढत जाणारी वेगळी.

चुनागच्ची

ठेकेदाराच्या प्रस्तावावर स्पष्ट सांगतो: सिमेंट लावू देऊ नका. दर्जांत नाही, प्लास्टर तर मुळीच नाही.

कारण सांगतो. भट्टीची जुनी वीट मऊ असते, पाणी पिते आणि सोडते. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असल्यानं ओल सांध्यातून बाहेर पडते. सिमेंट घट्ट आणि कडक. ते लागलं की ओल विटेतून वाट काढते, खार विटेच्या पृष्ठभागाखाली साठतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. वर, ऊन-थंडीनं चिमणी हलते तेव्हा चुना थोडं सोसतो, सिमेंट सोसत नाही. ते विटेपासून सुटतं आणि मागे केसाएवढी फट राहते. पाऊस त्या फटीतून आत जातो, बाहेर येत नाही. काजळीतलं गंधक सिमेंटशी मिळूनही फुगतं. प्लास्टर केलं तर भेगा दिसणंच बंद होतं, हा तर सरळ धोका.

ईशान्येच्या कलाचं एक कारणही इथेच असू शकतं. पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्य-पश्चिमेकडून. ती बाजू भिजत राहते. ओल्या सांध्यात गंधकाचा चुन्याशी संयोग होऊन जिप्सम तयार होतं, त्याला जागा जास्त लागते. प्रत्येक थराला केसभर, पण शेकडो थरांचा मिळून फरक पडतो. ओली बाजू उंचावते, माथा कोरड्या बाजूला वाकतो.

चुन्याचं काम असं:

सांधा २५ मिलिमीटर खोल, किंवा सांध्याच्या जाडीच्या अडीचपट, यांपैकी जे जास्त असेल तेवढा मोकळा करायचा. हातोडी आणि पातळ छिन्नीनं. ग्राइंडर लावला की विटांच्या कडा जातात. एका वेळी दीड-दोन मीटर उंचीच्या पट्ट्यात आणि घेराच्या पावभागापेक्षा जास्त एकदम उघडायचा नाही.

माल: कंकराचा चुना मिळाला तर उत्तम. आपल्या काळ्या जमिनीत कंकर आहेच. त्यात मातीचा अंश असल्यानं तो ओलीतही धरतो. नुसता पांढरा फॅट चुना (मातीचा अंश नसलेला शुद्ध चुना) असेल तर सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घालावीच लागते. चुना १, सुरखी १, धुतलेली नदीची वाळू १ ते दीड. फॅट चुना निदान पंधरा दिवस भिजवून ठेवायचा, वर पाण्याचा थर कायम राहू द्यायचा. मालात न विरलेले खडे राहिले तर ते महिन्यांनी फुटतात आणि दर्जा बाहेर ढकलतात. बाकी चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाखाली माल मळायची जुनी रीत) मळलेला माल हातानं कालवलेल्यापेक्षा फार चांगला. घाणी नसेल तर मोर्टार मिल.

भरण्याआधी सांधा ब्रशनं स्वच्छ करून पाणी मारायचं, पण पाणी साचलेलं नको. माल दाबून दोन थरांत. वर ओलं बारदान, दहा ते चौदा दिवस ओलं ठेवायचं. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर माल भरला तर उन्हानं पाणी उडून जातं आणि चुना पीठ होऊन गळतो.

काळी_माती

पायाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

त्या भागात काळी माती असेल तर पहिला प्रश्न हा की पाया मुरमापर्यंत गेलाय का. मोठ्या चिमण्यांचे पाया साधारण खोल मुरमावर घेत, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते. तरी खात्री करा. एकाच बाजूला, एक मीटर रुंदीचा खड्डा घेऊन पायाचा तळ पाहायचा आणि लगेच मुरूम कुटून भरायचा. चारी बाजूंनी एकदम कधीच खणायचं नाही.

पायाजवळ काय आहे तेही बघा: शेततळं, नाली, गळका नळ, मोठं झाड. एका बाजूला ओल आणि दुसऱ्या बाजूला कोरडं असलं की पाया वाकडा बसतो. भोवती दोन मीटर रुंद मुरमाचा उतार द्या, २५ ला १, पाणी बाहेर जाईल असा. चिमणीला चिकटून काँक्रीटचा ओटा नको. ओटा हलला की भिंतीला ढकलतो आणि ओल खाली कोंडून राहते.

तूर_संत्रं

इतिहासाबद्दल थोडं. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्यानंतर विदर्भात कापसाच्या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगच्या आणि गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. कागदाचं काम पूर्वेला गेलं, कारण बांबू आणि पाणी तिकडे. बल्लारपूरची कागद-स्ट्रॉबोर्ड कंपनी १९४५ ची. एखादी चिमणी सांभाळायची म्हणजे गावच्या उद्योगाचा उरलेला एकमेव पुरावा सांभाळायचा.

कायद्याचं: राज्याचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० चा, पण आपोआप संरक्षण मिळत नाही, घोषित व्हावं लागतं. म्हणून पाडण्याचा ठराव होण्याआधी मोजणी, छायाचित्रं आणि जमिनीची मालकी (सातबारा) एकत्र करून ग्रामसभेच्या नोंदीत घाला. आतला बॉयलर शिल्लक असेल तर तो भंगारात देण्याआधी त्याची नोंद बाष्पके संचालनालयाच्या दफ्तरात कशी आहे ते तपासा. १९२३ च्या कायद्यानुसार प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक असायचा आणि त्यावरून गिरणीचं वय कळतं.

वैनगंगाकाठ

मोजणी झाली. माथा ईशान्येला २१० मिलिमीटर. खालचे १२ मीटर ओळंब्यात आहेत, त्यावर वाक सुरू होतो. भेग पश्चिमेकडे, सर्वांत रुंद जागी ४ मिलिमीटर, आरपार आहे असं वाटत नाही. वरच्या तीन मीटरमध्ये सांध्यांत माल जवळजवळ नाहीच, विटा हातानं हलतात. पायाजवळ ओल नाही, मुरूम लागला. भिंतीची जाडी: वरती २३ सेंटिमीटर, पुढे दर साडेसात मीटरला अर्धी वीट वाढत जाऊन पायथ्याशी साडेसत्तावन्न.

मोजपट्टी

म्हणजे दुखणं सांध्यांत, पायात नाही. ही चांगली बातमी. ढोबळ हिशेब मांडतो, शेवटचा आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरनं जागेवर येऊन द्यायचा.

विटांचं वजन साधारण १५० टन. भारमध्य पायथ्यापासून साडेअकरा मीटरवर. २१० चा कल सरळ रेषेत धरला तरी भारमध्य ८ सेंटिमीटर सरकतो. तुमचा वाक वरच्या भागात आहे म्हणून प्रत्यक्षात कमीच.

वारा: नागपूर भागासाठी मानकातला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर. त्यावरून चिमणीवर एकूण सहा टनांच्या आसपास रेटा आणि पायथ्याशी सुमारे ८२ टन-मीटर आघूर्ण (उलथवू पाहणारा जोर). म्हणजे भाररेषा (वजन आणि वारा मिळून भार जिथून खाली उतरतो ती रेषा) ५५ सेंटिमीटर सरकते. पायथ्याच्या छेदात कुठेच ताण (सांधा ओढून उघडणारा जोर) येऊ नये यासाठीची मर्यादा ५२. दोन्ही आकडे शेजारी ठेवा: वाऱ्याचा वाटा कलाच्या सातपट आहे. लोक कलाकडे पाहून घाबरतात, पण चिमणीला खरी परीक्षा आहे ती एप्रिल-मेच्या वादळाची. तेव्हा वाऱ्याकडचे सांधे क्षणभर उघडायचा प्रयत्न करतात. तिथे चुना शाबूत असेल तर भागतं. पोकळ असेल तर दुसऱ्या बाजूच्या कमी विटांवर सगळा भार येतो. म्हणून पायथ्याचे सांधे माथ्याइतकेच महत्त्वाचे.

वरचे तीन मीटर उतरवले तर वजन सातच टन कमी होतं, पण वाऱ्याचं आघूर्ण सोळा टक्क्यांनी घटतं. विटा हातानं हलत असतील तर हा भाग उतरवावाच लागेल.

धानपट्टा

सगळं मान्य, पण शाळेची पोरं तिथून रोज जातात. एक वीट सुटली तरी पुरे. पाडून मोकळं व्हावं असंच मला वाटतं.

मोजपट्टी

धोका खरा आहे आणि तो निर्णयाची वाट पाहत नाही, म्हणून शाळेची वाट आजच बदला. कुंपण पायथ्यापासून निदान उंचीएवढं, ३० मीटर, जागा असेल तर ४५. हे पाडायचं ठरलं तरी लागतं आणि सांभाळायचं ठरलं तरी.

पाडणंही साधं काम नाही. पायथ्याला खाच घेऊन एका बाजूला पाडायची तर त्या दिशेनं उंचीच्या दीडपट मोकळी जागा लागते, आणि आम्लानं पोकळ झालेल्या चिमणीत खाच घेताना ती ठरवलेल्या दिशेनं पडेलच याची हमी कमी. दुसरी रीत म्हणजे माथ्यापासून एकेक थर काढून विटा आतल्या पोकळीत टाकायच्या. त्यात खालचं दार उघडं ठेवून मलबा रोज उपसावा लागतो, नाहीतर साठलेला ढीग भिंतीला आतून ढकलतो. त्यासाठीही वर परांची लागतेच. म्हणजे परांचीचा खर्च दोन्हीकडे तोच.

बॉयलर_पहिलावर्ग

धानपट्टा दादांची काळजी रास्त आहे. अजून एक धोका: आग्या मोहोळ. उंच चिमणीच्या काठाखाली ते बसतंच. परांची बांधण्याआधी दुर्बिणीनं पाहा. असेल तर काम थांबवून मोहोळ काढणाऱ्या माहीतगार माणसाला बोलवा. धूर करून दिवसा हुसकावलं तर माश्या खालच्या वाटेवर उतरतील.

आर्थिंग

वीजरोधक पट्टीशिवाय एकही पावसाळा काढू नका. विटांची चिमणी वीज जमिनीत नेत नाही; ओलसर सांध्यातलं पाणी क्षणात वाफ होतं आणि वीट फुटते.

माथ्यावर गोल कडं, त्यावर काठापासून वर येणारी टोकं. समोरासमोरच्या दोन बाजूंनी दोन पट्ट्या खाली. तांबं चोरीला जातं म्हणून, आता धूर नसल्यानं जस्तलेपित लोखंडी पट्टीही चालते. खालचे तीन मीटर जाड पाइपातून. प्रत्येक पट्टीला माणसाच्या उंचीवर तपासणीचा जोड. चिमणीचे सगळे लोखंडी पट्टे या पट्टीला जोडायचे, नाहीतर वीज एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर उडी मारते.

आर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत हवा, आणि मोजायचा मे महिन्यात. काळी माती सुकली की रॉडपासून सुटते. पावसाळ्यात छान दिसणारा आकडा उन्हाळ्यात कितीतरी पट होतो, आणि वळवाची वीज नेमकी त्याच वेळी पडते. रॉड मुरमाच्या ओलीपर्यंत, तीन मीटर तरी.

वैनगंगाकाठ

पिंपळ आणि पट्टे यांबद्दल कोणी सांगेल का? आणि गिरणीत काळं लिकर (लगदा शिजवल्यावर उरणारा काळा द्रव) जाळलं जात होतं असं जुने लोक म्हणतात, त्याचा संबंध असतो का?

चुनागच्ची

काळ्या लिकरचा संबंध फार आहे, बरं झालं विचारलं. त्यात सोडा असतो, धुरातून त्याची भुकटी विटांत जाते. गंधकाशी मिळून सोडियम सल्फेट होतं. हा खार ३२.४ अंशांच्या खाली, ओल असली की, पाणी धरून तिपटीहून जास्त फुगतो आणि त्याच्या वर पाणी सोडतो. विदर्भात मार्च आणि ऑक्टोबरात दिवस-रात्र ती रेषा ओलांडली जाते, म्हणजे रोज एक चक्र. भिंतीवर पांढरी, खारट-कडवट पूड दिसते का बघा. दिसली तर कोरड्या ब्रशनं झाडून, गोळा करून बाहेर न्या. पाण्यानं धुऊ नका, ती परत आत जाते. मग त्या भागावर कागदाच्या लगद्याचा ओला लेप लावून सुकू द्यायचा. खार लेपात ओढला जातो. लेप काढून टाका, दोन-तीनदा करा, मगच दर्जा भरा.

पिंपळ ओढून काढायचा नाही, मुळांबरोबर विटा येतात. पाऊस नसताना बुंधा करवतीनं कापायचा आणि कापल्यावर काही मिनिटांतच ताज्या कापावर न मिसळलेलं ४१ टक्क्यांचं ग्लायफोसेट ब्रशनं लावायचं. हे औषध २०२२ पासून फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनं वापरायचं आहे, तेव्हा त्यालाच बोलवा. मुळं सुकली की मोकळी होतात. ती काढून पोकळी पातळ चुन्यानं भरायची.

पट्टे: जुने गंजून फुगले असतील तर एकदम सगळे काढू नका. नवा बसवल्यावरच शेजारचा जुना काढा. दर दीड मीटरला एक, भेगेच्या भागात जवळ. ७५ बाय १० मिलिमीटरची पट्टी, चार तुकड्यांत, कानांना बोल्ट. शक्य असेल तर स्टेनलेस. पट्ट्यामागे चुन्याचा माल दाबून भरायचा, म्हणजे प्रत्येक विटेवर सारखा टेकेल. आवळताना ताकद लावू नका. लोखंड विटेच्या दुप्पट पसरतं. अडीच मीटर व्यासाला तापमान ४० अंशांनी वाढलं तर पट्टा जवळपास दोन मिलिमीटर ढिला पडतो आणि रात्री पुन्हा आवळतो. उन्हाळ्याच्या दुपारी करकचून आवळलेला पट्टा हिवाळ्यात वीट कापतो. मध्यम तापमानाला, हातानं फिरेल तेवढा पान्याचा दाब पुरे.

वरचे तीन मीटर उतरवताना प्रत्येक थराचा फोटो आणि काठाच्या नक्षीच्या विटांवर क्रमांक. पुन्हा बांधताना त्याच विटा, पण आम्लानं पोखरलेली बाजू बाहेर येऊ देऊ नका. शेवटी तोंडावर स्टेनलेसचं झाकण, काठापासून १५ ते २० सेंटिमीटर उंच, बाजूंनी जाळी. पूर्ण बंद करायचं नाही. खालच्या काजळीच्या दाराला लोखंडी जाळी बसवा, म्हणजे खालून वर हवा चालती राहील आणि आतली भिंत सुकेल.

वैनगंगाकाठ

क्रम असा लावतो, चूक असेल तर सांगा: कुंपण आणि वाट बदलणं लगेच. मग पिंपळ कापणं आणि तात्पुरतं वीजरोधक. दिवाळीनंतर परांची, माथा उतरवणं, काजळी, खार, दर्जा, पट्टे, माथ्याची बांधणी, झाकण. मे महिन्यात आर्थिंगची मोजणी.

मोजपट्टी

एकच बदल. भेगेपाशीचे पट्टे माथ्याला हात लावण्याआधी बसवा. उतरवताना परांचीचे धक्के आणि माणसांची हालचाल असते, त्या वेळी भेग बांधलेली हवी. आणि परांची चिमणीला खिळवू नका, स्वतःच्या पायांवर उभी करा. चिमणीभोवती रबर लावलेलं कडं, बस्स. भेगेचे तीन स्क्रू काम चालू असताना दररोज वाचा. दिवसात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर सगळ्यांना खाली उतरवा.

चुनागच्ची

काजळी काजू-आंब्याच्या बागेत खत म्हणून मागायला लोक येतील, देऊ नका. आम्ल आणि जड धातू असतात. पिशव्यांत बांधून, ओली न होता, बाहेर पाठवा.

वैनगंगाकाठ

समजलं. कुंपणाचं सामान उद्या येतंय. ग्रामसभेच्या वहीत हा सगळा क्रम आणि मोजणीचा तक्ता चिकटवतो. भेगेचं वाचन दर पंधरवड्याला इथे टाकत जाईन.